कुत्रा लहान झाला, दात नाही झाले

दोन किलोचा चिवावा आणि सत्तर किलोचा ग्रेट डेन हे एकाच प्रजातीचे प्राणी आहेत, यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही. दोघांच्या पेशींत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या, दोघांच्या तोंडात पूर्ण वाढ झाल्यावर ४२ दात. जमिनीवर राहणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही सस्तन प्रजातीत प्रौढ प्राण्यांच्या आकारात एवढी तफावत नाही. माणसाच्या उंचीवर हजारो जनुकीय फरकांचा थोडाथोडा हात असतो. मग कुत्र्याला पस्तीसपट लहान-मोठं करायला किती जनुकं लागली असतील?

उत्तर ऐकून आजही माझ्या अंगावर काटा येतो. २००७ साली अमेरिकेत नेथन सटर, एलेन ऑस्ट्रँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी पोर्तुगीज वॉटर डॉग या एकाच जातीतले लहान-मोठे कुत्रे तपासले, मग इतर लहान जाती आणि अवाढव्य जाती शेजारी ठेवल्या. पंधराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकापाशी, आयजीएफ-१पाशी, सगळे धागे येऊन मिळाले. त्यातून बनतं ते वाढीचा निरोप शरीरभर पोचवणारं प्रथिन. त्या जनुकाचा एक ठरावीक प्रकार जवळजवळ सगळ्या लहान जातींत होता आणि अवाढव्य जातींत तो क्वचितच सापडत होता. आकार ठरवणारी आणखी जनुकं आहेत, पण ती मोजकीच.

पुढची गोष्ट तर याहून विलक्षण. २०२२ साली याच विषयावर पुन्हा संशोधन झालं, तेव्हा हा ‘लहान’ प्रकार सायबेरियातल्या सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या एका लांडग्यात सापडला. कोल्ह्यांमध्ये तर तो आजही आहे. म्हणजे लहानपण माणसाने घडवलेलं नाही. माणसाने कुत्रा पाळायच्या कितीतरी आधीपासून ते लांडग्यांच्या रक्तात पडून होतं. आपण ते उचललं आणि पिढ्यानपिढ्या जपलं.

या लहानपणाने कुत्र्याला एक मोठं दान दिलं. हत्ती उंदरापेक्षा कितीतरी जास्त जगतो. प्राण्यांच्या जगात मोठं शरीर म्हणजे साधारणपणे मोठं आयुष्य. कुत्र्यांच्या घरात हा नियम उलटा होतो. ग्रेट डेन सात-आठ वर्षांत म्हातारा होऊन जातो, चिवावा चौदा-पंधरा वर्षं सहज काढतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉर्नेलिया क्राउस आणि सहकाऱ्यांनी चौऱ्याहत्तर जातींच्या मृत्यूंच्या नोंदी पाहून हिशेब मांडला: शरीराचं वजन दोन किलोंनी वाढलं की आयुर्मान अंदाजे एका महिन्याने घटतं. मोठे कुत्रे म्हातारपणाकडे लवकर वळतात असं नाही, त्यांचं म्हातारपण वेगाने पळतं. तेव्हा घरातला पॉमेरियन पंधराव्या वर्षीही दारावरची बेल वाजली की उठून भुंकत असेल, तर ती त्याच्या आकाराची पुण्याई.

इतकं सगळं चांगलं असताना लहान जातिवंत कुत्र्यांना दवाखान्याच्या इतक्या खेपा का घालाव्या लागतात? माझ्या मते याचं उत्तर एका साध्या गोष्टीत आहे. झेरॉक्सच्या मशीनवर कागद निम्म्या आकारात काढला की अक्षर, ओळ, समास सगळं एकाच प्रमाणात लहान होतं. जिवंत शरीर असं आटत नाही. हाडाचा निरोप वेगळा, दाताचा वेगळा, मेंदूचा वेगळा, टाळूच्या मऊ मांसाचा वेगळा. एक आटतं, दुसरं तितकं आटत नाही, आणि जिथे जिथे हा मेळ चुकतो तिथे तिथे आजार घर करतो.

दातांपासून सुरुवात करू, कारण ते घरी बघता येतं. सहा-सात महिन्यांच्या पॉमेरियनचा किंवा यॉर्कशायर टेरियरचा वरचा ओठ हळूच उचला. पुष्कळदा एकाच जागी दोन सुळे दिसतील: एक बारीक, सुईसारखा टोकदार, दुसरा जाड. बारीक तो दुधाचा. नवा सुळा येण्याआधी त्याने पडून जायचं होतं, तो पडलाच नाही. दोघांच्या फटीत केस आणि अन्न अडकतं, कीटण चढतं, हिरडी लाल होते. आता खालच्या जबड्यातली मोठी दाढ पाहा. लहान कुत्र्याचा जबडा जितका बारीक झाला तितकी ही दाढ लहान झालेली नाही. मोठ्या कुत्र्याच्या जबड्यात तिच्या मुळाखाली भरपूर हाड उरतं. दोन-तीन किलोच्या कुत्र्यात मुळाचं टोक जवळजवळ जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत जातं. हिरडीच्या आजाराने तिथलं थोडं हाड खाल्लं तरी जबडा इतका कमजोर होतो की साध्या उडीने किंवा दात काढतानाही मोडू शकतो. कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तसं नाही. तो वास हिरडी सडत असल्याचा आहे. रोज मऊ ब्रश आणि कुत्र्यांसाठीची पेस्ट, आणि गरज पडेल तेव्हा भूल देऊन दातांची सफाई, एवढ्याने म्हातारपण सुसह्य होतं. माणसांची टूथपेस्ट मात्र नको. तिच्यात झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याला विष आहे.

पगच्या बाबतीत हा बेमेळ चेहऱ्यावरच आहे. त्याच्या चेहऱ्याची हाडं आखडली, पण त्यांच्या आत बसणारी मऊ टाळू, जीभ आणि नाकातल्या गुंडाळ्या त्या प्रमाणात आखडल्या नाहीत. लांबलचक टाळू श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबते, नाकपुड्या चिरेएवढ्या उरतात. आपल्याला गोड वाटणारं ते घुरघुरणं म्हणजे हवेची वाट अडल्याचा आवाज आहे. २०१७ साली एडिंबरोच्या संशोधकांनी दाखवलं की एसएमओसी-२ नावाच्या जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा येऊन बसला आहे आणि चेहरा चपटा होण्यात त्याचा मोठा वाटा आहे. एक तुकडा आत शिरला आणि अख्खा चेहरा बदलला!

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, नाकातल्या आणि जिभेवरच्या ओलाव्याची वाफ होते आणि रक्त थंड होतं. नाकच आखडलं की ही सोय निम्मी बंद. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे चालणारा पग सगळ्या देशाने पाहिला आणि घराघरांत पग आले. नागपूर-अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. तिथे सकाळी अकरा वाजता पगला फिरायला नेणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. या कुत्र्यांचा स्वभाव लाघवी आहे, मलाही ते आवडतात, आणि म्हणूनच अति चपट्या तोंडाची पिल्लं जन्माला घालणं मला पटत नाही.

कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलची कहाणी मनाला लागणारी आहे. १९२६ साली रॉसवेल एल्ड्रिज नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात पंचवीस पौंडांचं बक्षीस लावलं: जुन्या चित्रांत दिसतो तसा लांब नाकाचा स्पॅनियल कुणी आणून दाखवा. त्यातून ही जात पुन्हा उभी राहिली, पण मोजक्या कुत्र्यांमधून. या जातीतल्या बहुतेक कुत्र्यांची कवटी मागच्या बाजूला आखूड असते आणि मेंदू तिच्यात दाटीने बसतो. मेंदू आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये वाहणाऱ्या द्रवाची वाट अडते, मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या होतात. असा कुत्रा चालता चालता थांबतो, मागचा पाय मानेजवळ नेऊन झपाझप खाजवायला लागतो, आणि पाय कातडीला लागतच नाही. हवेतल्या हवेत खाजवणं चालतं. पिसवा शोधून काही हाती लागत नाही, कारण खाज मज्जारज्जूत आहे.

याच जातीला हृदयाच्या झडपेचा आजारही आहे. डाव्या बाजूची झडप जाडजूड होते, नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळतं. पाच वर्षांच्या वयात जवळपास निम्म्या कॅव्हेलियरच्या छातीत ती गळती स्टेथोस्कोपने ऐकू येते. इतर लहान जातींनाही म्हातारपणी हा आजार गाठतो. इथे वैद्यकाने सुंदर काम केलं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ नावाच्या चाचणीत दिसलं की झडप गळते, हृदय मोठं झालं आहे, पण धाप अजून लागलेली नाही, अशा अवस्थेत पिमोबेंडन हे औषध सुरू केलं तर हृदय थकण्याची वेळ सरासरी पंधरा महिन्यांनी पुढे जाते. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे फार मोठा काळ. घरच्यांचं काम एवढंच की गाढ झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मोजायचे. मिनिटाला तीसच्या वर जायला लागले की डॉक्टरांना फोन करायचा.

बाकीच्या दुखण्यांवर फार रेंगाळत नाही. गुडघ्याची वाटी खोबणीतून सरकते. कुत्रा धावता धावता दोन पावलं तीन पायांवर उडी मारतो आणि काही झालंच नाही असा पुन्हा चारांवर पळतो. पॉमेरियन आणि यॉर्कशायर टेरियरमध्ये श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडतात, गळ्यातला पट्टा ओढला की बदक ओरडल्यासारखा खोकला येतो. त्यांना छातीवर बसणारा हार्नेसच घालावा. चिवावाचं पिल्लू काही तास उपाशी राहिलं तर साखर घसरून झटके येऊ शकतात. लहान शरीर उष्णता भराभर घालवतं, म्हणून विश्रांतीतही दोन किलोच्या कुत्र्याला किलोमागे चाळीस किलोच्या कुत्र्याच्या दुपटीने ऊर्जा लागते, आणि यकृतातला साठा इवलासा. आणि मोठं झाल्यावर नेमकं उलटं होतं, आपणच त्याला जास्त भरवतो. तीन किलोच्या कुत्र्याला विश्रांतीत दिवसाला एकशेसाठ कॅलरी पुरतात. संध्याकाळच्या चहाबरोबर दिलेली चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे त्यातल्या निम्म्या. त्याचं अर्धा किलो वजन वाढणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं दहा किलो वाढणं. वाटी, श्वासनलिका, हृदय, सगळ्यांवर तो भार पडतो.

हे दोष जातींमधून निघून का जात नाहीत? कारण वह्या बंद आहेत. इंग्लंडमध्ये १८७३ साली केनेल क्लब निघाला, प्रत्येक जातीची वंशावळ नोंदवली जाऊ लागली आणि नोंदीतल्या आईबापांचंच पिल्लू ‘शुद्ध’ ठरलं. प्रदर्शनात जिंकलेल्या एकाच नराची पिल्लं सगळ्यांना हवी असतात. २००८ साली लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या वंशावळी तपासल्या तेव्हा दिसलं की तिथल्या सुमारे दहा हजार पगमध्ये जनुकीय विविधता फक्त पन्नास वेगवेगळ्या कुत्र्यांइतकी आहे. नॉर्वेत प्राणीप्रेमी या प्रश्नासाठी थेट कोर्टात गेले. २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कॅव्हेलियरची पैदास आज ज्या पद्धतीने चालते ती प्राणीकल्याण कायद्याचा भंग आहे. दुसऱ्या जातीचं रक्त आणून, नीट आखून केलेल्या संकराचा रस्ता खुला आहे. मला हा निकाल योग्य वाटतो. त्या जातीवर ज्यांचं खरं प्रेम आहे, त्यांनी तो रस्ता धरावा.

हा रस्ता किती बारकाईने आखता येतो, ते आखूड पायांच्या डॅशंड जातीवरून कळतं. कुत्र्याच्या पेशीत फार पूर्वी एक चमत्कार घडला. एफजीएफ-४ या जनुकाचा निरोप वाचून झाल्यावर मिटून जायचा, तो उलट डीएनएत लिहिला गेला आणि अठराव्या गुणसूत्रावर भलत्याच जागी जाऊन बसला. त्या जादा नकलेने पाय आखूड झाले. हा शोध २००९ सालचा. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात डॅनिका बनाश यांच्या गटाला बाराव्या गुणसूत्रावर तशीच आणखी एक नक्कल सापडली. तिने पाय आखूड होतातच, शिवाय मणक्यांमधल्या चकत्याही वर्षाच्या आत वाळून कडक होऊ लागतात. मग एखाद्या दिवशी सोफ्यावरून उडी मारताना चकती फुटून मज्जारज्जूवर दाबते आणि डॅशंडचे मागचे पाय लुळे पडतात. वेस्ट हायलंड व्हाइट टेरियरकडे मात्र पहिलीच नक्कल आहे, दुसरी नाही: आखूड पाय, पाठ सुरक्षित. ज्या जातींत काही कुत्र्यांत दुसरी नक्कल असते आणि काहींत नसते, तिथे जोड्या निवडून ती हळूहळू काढून टाकता येते. डॅशंडमध्ये ती जवळजवळ सगळ्यांत आहे, तिथे बाहेरचं रक्त आणल्यावाचून ती जाणार नाही.

कुत्र्यात ही नक्कल आहे का, ते गालाच्या आतून फिरवलेल्या ब्रशवरच्या पेशींतून कळतं. पिल्लू घेताना किंमत विचारायच्या आधी आईबापांचा असा अहवाल मागा. कॅव्हेलियर असेल तर दोघांच्या हृदयाची तपासणी कोणत्या वयात झाली ते विचारा, पॉमेरियन असेल तर गुडघ्याच्या वाट्यांची. आणि पग असेल तर केंब्रिज विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी ठरवलेली साधी परीक्षा आहे: आईबापांना तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायला सांगा, आणि पळण्याआधी आणि पळून झाल्यावर डॉक्टरांना त्यांच्या गळ्यापाशी स्टेथोस्कोप लावायला सांगा. पैदास करणारा याला तयार नसेल, तर पिल्लू कितीही गोड असो, तिथून निघा.