तबकडीच्या शेवटचे नाव

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आमच्या घरात ज्या वस्तूंवर हटकून संक्रांत येते, त्यांत माझ्या रेकॉर्डींच्या पेट्यांचा नंबर पहिला. पाच पेट्या, त्यांत सव्वादोनशे तबकड्या. त्यांतल्या दीडशे जुन्या, लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, आणि उरलेल्या एलपी. पेटी हलवायची म्हणजे दोन माणसे लागतात.

"अहो, यंदा तरी यांचा काही निकाल लावणार आहात का?" कुंचा हातात घेऊन सौ. विचारते.

"कसला निकाल?"

"विका, वाटा, नाहीतर पलंगावर ठेवून तुम्ही जमिनीवर झोपा!"

वाचकहो, संग्राहकाच्या घरोघरी हा संवाद होत असणार, म्हणून तो मनावर घेण्याचे कारण नाही. पण यंदा या पेट्यांविषयी चार शब्द लिहिणार आहे. त्याचे एक कारण असे की, ज्यांना हा नाद आहे त्यांच्यासाठी सध्या दिवस फार बरे आले आहेत. दुसरे कारण जरा खासगी आहे. ते ओघाने येईलच.

आधी सुवार्ता. आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क ती प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. म्हणजे दर १ जानेवारीला आणखी एका वर्षाच्या मुद्रिका मोकळ्या होतात. उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी १९६० सालची. २०२१ उजाडले आणि तिची मुदत संपली. सामान्य माणूस नव्या वर्षी भिंतीवर कॅलेंडर टांगतो. आमच्यासारखे लोक मात्र यंदा कोणते साल सुटले याची यादी करत बसतात! एलपी भारतात रुळल्या त्या काळातल्या मुद्रिका आता अशा एकेक करून सुटत आहेत. ज्यांना घरच्या जीर्ण तबकड्यांवरून नवी प्रत करून चारचौघांना ऐकवायची आहे, त्यांना आता चोरासारखे वावरण्याचे कारण उरलेले नाही.

दुसरी गोष्ट, एलपी परत आल्या आहेत. कॅसेट आली, सीडी आली, दोन्ही गेल्या आणि पुन्हा काळी तबकडी दुकानात झळकू लागली. किशोरीताई आमोणकरांचा भूप आणि बागेश्री ज्या एलपीवर होते, ती एके काळी घरोघरी असे. आज तिची जुनी प्रत सापडली तर दुकानदार तोंडाकडे पाहून भाव सांगतो. तरुण मंडळी नव्या छापाच्या प्रती घेतात, याचा मला आनंदच आहे. मात्र घेण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा : ही तबकडी मूळ फितीवरून केली आहे, की सीडीवरून? सीडीवरून केली असेल तर जाडजूड कव्हराचे आणि वजनदार तबकडीचे पैसे आपण देतो. कानाला नवे काही मिळत नाही.

आणि ज्यांना अगदीच अपूर्वाईची वस्तू हवी असेल, त्यांच्यासाठी गोव्याच्या एका मुलुखावेगळ्या मुद्रिकेची हकिगत सांगतो. केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, तिच्याबरोबर ती वाजवायची सुईसुद्धा बांधून दिलेली! दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि त्याच महिन्यात केसरबाई गेल्या. २०१२ साली त्यांतले एक यान सूर्याच्या प्रभावाच्या सीमेपलीकडे गेले. त्या सोनेरी तबकडीतले संगीत २०१७ साली साध्या एलपींच्या संचाच्या रूपाने संग्राहकांसाठी बाहेर पडले. जी भैरवी आमच्या गिरगावच्या चाळीत पिन बदलून बदलून वाजत होती, ती आज ताऱ्यांमधून चालली आहे. सौ.ला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तिकडे तरी झुरळे नसतील."

पण सगळ्यांचे नशीब केसरबाईंसारखे नसते. त्यांचे गुरू उस्ताद अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली मुंबईत वारले. एवढ्या मोठ्या गवयाचा आवाज आपल्याला ऐकायला उरलेला नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचीही तीच गत. उलट अब्दुल करीमखाँसाहेबांनी उतारवयात तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या दिल्या, आणि त्यांतली झिंझोटीतली ठुमरी ऐकून एक लहान मुलगा गाण्याच्या पाठी घर सोडून निघाला. तो पुढे भीमसेन जोशी झाला. तीन मिनिटांची लाख काय करू शकते, याला याहून मोठा दाखला नको.

आता माझी खासगी गोष्ट.

१९०२ सालच्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्गसाहेबांनी कलकत्त्यात गोहरजानचे गाणे उतरवून घेतले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. उतरवलेल्या तबकड्या छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात, कारण आपल्याकडे कारखाना निघाला तो १९०८ साली. तिथल्या कारागिरांना कोणते गाणे कुणाचे हे कळावे, म्हणून गाणे संपताच गायिका स्वतःच नाव सांगत. गोहरजान तर ठसक्यात इंग्रजीतून सांगत असे. पुढेही काही वर्षे ही चाल राहिली.

माझ्या वडिलांनी चोरबाजारातून आणलेली अशीच एक तबकडी आमच्याकडे होती. एकाच बाजूला गाणे, दुसरी बाजू कोरी. म्हणजे अगदी पहिल्या काळातली. मधला कागद पाण्याने पुसून गेलेला. ना कंपनी, ना राग, ना नाव. पण आवाज! धारदार, किंचित अनुनासिक, आणि तीन मिनिटांत भीमपलासाचा सगळा संसार मांडणारा. शेवटी तंबोरा थांबता थांबता ती बाई काहीतरी म्हणे. नेमका तिथेच एक चरा होता. "...बाई" एवढे ऐकू येई, आधीचे दोन-तीन अक्षरांचे नाव खरखरीत बुडून जाई. वडील एक नाव सांगत, आई दुसरे सांगे, आणि दर दिवाळीला फराळ झाल्यावर आमच्याकडे याच वादाची फेरी होई.

वडिलांच्या पश्चात एकदा पुण्याहून एक स्नेही आले. जुन्या बाजारात दर रविवारी तबकड्या धुंडाळणारे, अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांनी ती मुद्रिका तीनदा ऐकली. मग म्हणाले, "मला दोन दिवसांसाठी द्या. या तबकडीची खाच रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. माझ्या यंत्रावर ती सुई आहे. चरा पडलेल्या उंचीच्या थोडे वर किंवा खाली सुई टेकली, तर नाव निघेलसे वाटते. प्रत करून तुम्हालाही देतो."

मी नाही म्हटले.

कारण काय सांगू? प्रवासात फुटेल, असे त्यांना सांगितले. खरे कारण वेगळे होते. जगात माझ्याचपाशी असलेली वस्तू उद्या दोघांपाशी झाली असती. नाव कळले असते, तर ते शोधण्याचे श्रेय त्यांना गेले असते. ते हसले, चहा घेतला आणि निघून गेले. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

दोन पावसाळ्यांनी आम्ही गिरगाव सोडून डोंबिवलीला बिऱ्हाड हलवले. मी पेटी स्वतःच्या हाताने भरली होती, चादरीत गुंडाळून. नव्या जागी ती उघडली, तर सगळ्या तबकड्या शाबूत, एकच तीन ठिकाणी तडकलेली. कोणती ते सांगायला नकोच. दोष हमालाचा नव्हता, टेम्पोचाही नव्हता. मी ती आडवी ठेवून तिच्यावर वीस तबकड्यांचा भार घातला होता. तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात, हे मी लोकांना वीस वर्षे सांगत आलो होतो.

पुण्याच्या स्नेह्यांना फोन केला. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ते एवढेच म्हणाले, "तिने नाव सांगितले होते हो. आपण ऐकून घ्यायला हवे होते."

'आपण' म्हणाले. 'तुम्ही' म्हणाले नाहीत. तो शब्द मला अजून टोचतो.

तेव्हापासून माझ्या पेट्यांना कुलूप नाही. जो मागेल त्याला प्रत. भाच्याने संगणकाला यंत्र जोडून दिले आहे. दर रविवारी चार-पाच तबकड्या उतरवतो. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या मंडळासारख्या संस्थांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. आमच्यासारख्या कंजुषांनी पेट्या उघडल्या, तरच त्याला अर्थ.

म्हणून वाचकहो, या दिवाळीत माळा झाडताना जुन्या तबकड्या सापडल्या, तर भंगारवाल्याला हाक मारू नका. त्या स्पिरिटने पुसू नका. लाख त्यात विरघळते. ओल्या मऊ फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, उभ्या ठेवा. कुणा जाणत्याला बोलावून वाजवून घ्या, आणि कागद पुसलेली एखादी असेल तर गाणे संपताच सुई उचलू नका. शेवटच्या दोन क्षणांत कुणीतरी काही सांगत असेल.

आमच्या तबकडीचे ते तीन तुकडे अजून पाचव्या पेटीत आहेत. सौ.ने परवा साफसफाईत ते हातात घेतले. मला वाटले, आता हे गेले केरात. तिने पदराने ते पुसले, स्वच्छ कागदात गुंडाळले आणि पुन्हा जागच्या जागी ठेवले.

"उभे ठेवलेत," ती म्हणाली.