खेळाडूला दिलेले पैसे : मजुरी, इनाम की कर्ज?

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या मावळच्या बाजारपेठांतील व्यापाऱ्याला जत्रेची किंवा सामन्यांची वर्गणी नवी नाही. ढाल द्यावी, चषक द्यावा, कुस्तीच्या आखाड्यात एखाद्या जोडीवर इनाम लावावे, पावतीपुस्तकात नाव यावे, इथपर्यंत हिशेब सोपा होता. हल्ली मागणी वेगळी येते. कॉलेजातला अमुक मुलगा चांगला रेडर आहे, तमुक मॅटवर तयार होतो आहे, त्याला वर्षभर दरमहा काही द्या, संघाच्या टी-शर्टवर तुमच्या दुकानाचे नाव टाकू, असे म्हणत मंडळी येतात. मग व्यापारी बांधव विचारतात, हा खर्च धरायचा की गुंतवणूक? आणि मुलगा खेळलाच नाही तर?

आमचा धंदा कापडाचा. पण ज्या मालाचा भाव आज ठरतो आणि माल पुढे हाती येतो, त्याची जोखीम कापडवाल्याला शिकवावी लागत नाही. भिवंडी-मालेगावचा कारागीर मीटरवर मजुरी घेतो. जेवढा कपडा उतरला तेवढे पैसे, माग बंद राहिला तर मालक आणि मजूर दोघांचेही नुकसान. दुसरी रीत उचल देण्याची. आधी रक्कम हातात द्यायची आणि काम पुढे करून घ्यायचे. यात सगळी जोखीम देणाऱ्याची. आखाड्यातले इनाम हे पहिल्या जातीचे, मारली कुस्ती तर घेतले पैसे. खेळाडूचा ठरलेला पगार दुसऱ्या जातीचा. पूर्वी वर्गणी देणारा पहिल्या व्यवहारात होता, आज त्याला नकळत दुसऱ्यात ओढले जाते, आणि पावती मात्र तीच जुनी असते.

कॉलेजच्या खेळाडूला पैसे देण्याचा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत कॉलेजचे खेळाडू अनेक दशके शिष्यवृत्तीवर खेळले, कॉलेजने त्यांना पगार देण्यास मनाई होती. २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावाच्या जाहिरातीतून कमावण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने एक तडजोड मंजूर केली आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजे थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली. एका कॉलेजने पहिल्या वर्षी जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर द्यावेत अशी मर्यादा होती. त्या वेळच्या दराने आपल्या पैशात ते १७५ कोटींच्या घरात जात होते. तिथे धास्ती हीच, की अठरा वर्षांच्या मुलाला शाळेतल्या खेळावरून मोठी रक्कम कबूल करायची आणि तो वरच्या स्तरावर चाललाच नाही तर? त्यात खेळाडूला कॉलेज बदलण्याचीही मोकळीक आहे. वाढवले एकाने आणि पीक नेले दुसऱ्याने, असे सहज घडते.

आपल्या महाराष्ट्रात कॉलेजच्या खेळाडूवर पैसा लावण्याचे सर्वांत मोठे उदाहरण कोल्हापूरचे. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, पण ती पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे त्यांनी कुस्त्यांच्या इनामातून ते पैसे फेडले आणि घर सुटले.

ही हकीकत सांगताना सगळे पदकापाशी थांबतात. आम्ही मात्र गहाणखतापाशी थांबतो. चार वर्षांपूर्वी सहावा आलेला मल्ल, फिनलंडचे अनोळखी मैदान, आणि मागे एका मास्तराचे घर. पदक हुकले असते तर खाशाबांचा मान कमी झाला नसता, पण कर्ज तसेच राहिले असते. खर्डेकरांची हिंमत मोठी, तिला सलाम. तरीही तो व्यापारी व्यवहार नव्हता, ती कुर्बानी होती, आणि कुर्बानी दुकानाच्या वहीत नफ्याच्या बाजूला लिहिता येत नाही.

आता आपल्याच तालुक्यात येऊ. मुंबई-पुणे रस्त्याने जाताना गहुंजेचे मोठे क्रिकेट मैदान दिसते. सुमारे ३७ हजार प्रेक्षक बसतील असे हे मैदान २०१२ मध्ये खुले झाले. खेळाडूला आगाऊ भाव देणे म्हणजे काय, याची सारी बाराखडी या एका मैदानावर वाचायला मिळते.

सहारा समूहाने २०१० साली आयपीएलचा पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरला घेतला, म्हणजे त्या वेळचे सुमारे १,७०० कोटी रुपये. पुढच्या वर्षीच्या लिलावात युवराज सिंग १८ लाख डॉलरला घेतला. त्याच वर्षी त्याने भारताला विश्वचषक जिंकून दिला, तेव्हा सौदा फसवा होता असे कोणी म्हणणार नाही. पण २०१२ मध्ये त्याला कर्करोगाच्या उपचारांसाठी जावे लागले आणि तो पूर्ण हंगाम खेळू शकला नाही. त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेण्यासाठी ती रक्कम लिलावात वापरू द्या, अशी सहाराची मागणी होती. नियमात बसत नाही म्हणून मंडळाने नकार दिला. यात दोष ना खेळाडूचा ना खरेदीदाराचा. आजारपणाचे काय, हे सौद्याच्या दिवशी ठरले नव्हते, एवढेच. संघ २०११ मध्ये दहांत नववा, २०१२ मध्ये शेवटचा, २०१३ मध्ये नवांत आठवा राहिला. फीच्या वादात बँक हमी वटवली गेली, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये मंडळाने संघाचा करारच रद्द केला.

२०१६ मध्ये पुण्याला दुसरा संघ मिळाला. पीटरसन, डु प्लेसी, स्मिथ आणि मिचेल मार्श हे चौघे परदेशी एकाच हंगामात दुखापतीने घरी गेले. त्यात दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले आणि गहुंजेचा संघ विशाखापट्टणमला गेला. संघ सातवा आला. गहुंजेच्या गर्दीवर भरवसा ठेवून ज्याने माल भरला असेल, त्याला पीटरसनच्या पोटरीशी काय देणेघेणे? पण नुकसान त्यालाही पोहोचले.

२०१७ चा हंगाम तर शिकण्यासारखा आहे. बेन स्टोक्सला साडेचौदा कोटी मोजले. त्याने पैसे वसूल करून दिले, १ मे रोजी गहुंजेतच नाबाद १०३ धावा काढल्या. पण साखळी सामने संपताच तो इंग्लंडच्या संघाकडे गेला आणि अंतिम सामन्याला नव्हता. तो सामना पुणे एका धावेने हरले. चांगला माल, चोख भाव, पण ऐन ईदच्या आठवड्यात दुकानात नाही, असा हा प्रकार. त्याच संघात राहुल त्रिपाठी १० लाखांत आला आणि ३९१ धावा काढून गेला. जयदेव उनाडकटला ३० लाखांत घेतले होते, त्याने २४ बळी घेतले. ते पाहून २०१८ च्या लिलावात राजस्थानने उनाडकटला साडेअकरा कोटी दिले, आणि त्या हंगामात त्याला ११ बळी मिळाले. गोलंदाज तोच, हात तोच. भाव मागच्या वर्षीच्या मालावर ठरला आणि डिलिव्हरी पुढच्या वर्षीची होती. मागच्या दिवाळीला जो प्रिंट खपला त्याचेच दुप्पट तागे यंदा भरणाऱ्या दुकानदाराला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता मैदानाचे ऐका. मैदानाला सहाराचे नाव देण्याचा मोठा करार झाला होता. ठरलेले पैसे पूर्ण आले नाहीत आणि २०१३ मध्ये नाव उतरवले गेले. बांधकामाच्या कर्जाचे हप्ते मात्र नावाबरोबर उतरत नाहीत. २०१८ मध्ये थकबाकीपोटी बँकांनी मैदानाचा सांकेतिक ताबा घेतला. मैदान बंद पडले नाही, २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामने तिथेच झाले. परंतु पैशाची साखळी कशी असते ते यावरून कळते. खेळाडू, संघ, पुरस्कर्ता, मैदान, बँक असे एकामागून एक उभे असतात, आणि पहिला अडखळला की धक्का शेवटपर्यंत जातो. बँकेकडे निदान कागद असतो. मंडपवाला, जर्सी शिवणारा, छपाईवाला, जेवणाचा ठेकेदार यांच्याकडे बहुतेक वेळा शब्दच असतो. संघ जिंकला तर त्यांना एक रुपया जास्त मिळत नाही, हरला तर बिल थकते. नफ्यात वाटा नसलेल्या माणसाने तोट्यात भागीदार का व्हावे?

म्हणून मावळातल्या एखाद्या होतकरू मुलाला मदत करायची असेल तर जरूर करावी, पण दोन रकमा वेगळ्या ठेवाव्यात. एक खुराक, बूट, प्रवास आणि कॉलेजची फी यांची. ही दिली की गेली असे समजून द्यावी, हंगाम कसाही गेला तरी ती बंद करू नये, आणि धंद्याच्या खेळत्या भांडवलातून तर मुळीच काढू नये. दुसरी रक्कम खेळाची, ती इनामासारखी, सामना खेळल्यावर किंवा निवड झाल्यावर. मुलगा आजारी पडला, परीक्षा आली, दुसऱ्या संघाने नेला तर काय, हे चार ओळींत आधीच लिहून घ्यावे. नावाची जाहिरात हवी असेल तर ती मुलाच्या जिंकण्याशी बांधू नये. टी-शर्टवरचे नाव हरलेल्या सामन्यातही लोक वाचतात.

एक रीत मात्र आम्हांला अजिबात पसंत नाही. काही जण मदत म्हणून पैसे देतात आणि मुलाच्या वालिदांकडून कर्जाच्या कागदावर सही घेतात. नाव झाले तर श्रेय आपले, नाही झाले तर बाप कर्जदार. आपल्याकडे मुदारबतचा साधा कायदा आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, आणि कोणाच्या गफलतीशिवाय तोटा आला तर पैसा भांडवलवाल्याचा जातो, मेहनतीवाल्याची मेहनत जाते. मुलाची तीन वर्षे मातीत गेली, गुडघा गेला, तेव्हा त्याने आपला हिस्सा भरलेला असतो. वर पुन्हा बापाकडून रक्कम मागणे हा व्यवहारही नव्हे आणि मदतही नव्हे. बापांनीही असा कागद पुढे आला तर सही करण्यापूर्वी तो कोणा जाणकाराला दाखवावा.

दुखापतीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ वर्षांवरील प्रत्येक खेळाडूच्या बँक खात्यावर असावी, पण तिच्यात अपघाती मृत्यू आणि कायमचे अपंगत्व एवढेच बसते. कबड्डीत निखळलेला खांदा किंवा फाटलेला स्नायू तिच्यात येत नाही. दवाखान्याच्या खर्चासाठी वेगळा विमा लागतो, आणि त्याचा हप्ता वर सांगितलेल्या पहिल्या रकमेतच धरावा.

राहिला प्रश्न आमच्या शिलाई आणि छपाईवाल्या भावांचा. साधा कपडा परत आला तर दुसऱ्याला विकता येतो. नाव आणि नंबर छापलेला टी-शर्ट कोणाच्याच कामाचा राहत नाही. तेव्हा कपड्याचे पैसे ऑर्डरबरोबर, छपाईचे पैसे छपाईआधी, आणि उरलेली शिलाई माल देताना घ्यावी. बक्षीस मिळाल्यावर देतो म्हणणाऱ्या संघाचे माप घ्यावे, कापड मात्र कापू नये.