डायनमो उतरवण्याआधी

शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत, केळुस्कर रोडवर, माझी जुनी महिंद्रा जीप उभी असते. फोर बाय फोर, डिझेल, १२ व्होल्टची. गेल्या पावसाळ्यानंतर दर तीन-चार दिवसांनी सकाळी सेल्फ मारला की ती मान टाकायची. मैदानाला फेऱ्या मारणारी मंडळी धक्का द्यायला धावून येत, जीप धूर सोडत सुरू होई आणि मग दिवसभर तक्रार नसे. गोम इथेच होती. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. चार्जिंग थांबलं तरी ते चालत राहतं आणि दुखणं कळतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

एका गॅरेजने बॅटरी बदलायला लावली. महिन्याभरात तीही बसली. मग निदान आलं, "डायनमो गेला साहेब, नवीन टाकू."

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत माझगावात विलीज जीपची जुळणी होऊ लागली, तेव्हा त्या गाड्यांत खरोखरच डायनमो आणि कटआउट असत. पुढे अल्टरनेटर आला, पण नाव डायनमोच राहिलं. नावासोबत एक घातक सवयही राहिली: इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल उपसायचं आणि गाडी बंद पडते का ते बघायचं. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरीचा आधार असा अचानक सुटला की व्होल्टेज उसळतं, त्यात डायोड किंवा रेग्युलेटर जळू शकतो. तुमच्या गाडीवर कोणी असं करू लागला तर त्याचा हात धरा.

मी परळच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनला घेऊन आलो. सगळे त्यांना काका म्हणतात. पाना काढण्याआधी त्यांनी मल्टिमीटर काढला. अंगठ्याने फॅनबेल्ट दाबून बघितला, ताण ठीक होता. चावी फिरवली, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा लागला. "बल्ब शाबूत आहे," ते म्हणाले. हा दिवा नुसता इशाऱ्याचा नसतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याच्यातूनच रोटरला सुरुवातीचा प्रवाह मिळतो. बल्ब उडाला तर चांगला अल्टरनेटरही जागा होत नाही, आणि दहा-वीस रुपयांच्या बल्बापायी तो बिचारा भंगारात जातो.

इंजिन बंद असताना बॅटरी १२.२ व्होल्ट दाखवत होती. चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते. इंजिन सुरू करून हेडलाइट, ब्लोअर लावले, थोडी रेस दिली. आता १४ च्या आसपास आकडा यायला हवा होता, आला १२.७. "इथेच सगळे डायनमो उतरवतात," काका म्हणाले. त्यांनी मीटरची टोकं सरळ अल्टरनेटरवर ठेवली, एक मागच्या बोल्टवर, दुसरं त्याच्या बॉडीवर. १४.४! अल्टरनेटर आपलं काम चोख करत होता. माल तयार होत होता, पोचत नव्हता.

मग मला सगळ्यात आवडलेली तपासणी. त्यांनी एक टोक अल्टरनेटरच्या बोल्टवर ठेवलं आणि दुसरं बॅटरीच्या प्लसवर. एकाच वायरीच्या दोन टोकांत खरं तर जवळजवळ शून्य यायला हवं. आला १.६. अर्थिंगच्या बाजूला फक्त ०.१. हिशेब जुळला: १४.४ मधून १.६ आणि ०.१ वजा केले की उरतात बॅटरीवरचे १२.७. तेव्हा वायरीतून सुमारे २० अँपिअर वाहत होते. म्हणजे जवळपास ३२ वॅट, एका लहान सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, बोनेटखाली फुकट जळत होती. सेल्फची केबल वेगळी असल्यामुळे बॅटरी भरलेली असली की गाडी झटक्यात सुरू व्हायची. म्हणून तर आम्ही सगळे चकलो.

इंजिन बंद केलं, बॅटरीचा मायनस सोडला, बोल्टवरची लाल रबरी टोपी मागे सारली. आतला लग, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, हिरवा पडला होता. काकांनी इन्सुलेशन सोललं तर चार बोटं आतपर्यंत तांबं काळं. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, खारी हवा बारा महिने. शिवाय जुलैत मी हिंदमाता परिसरातल्या तुंबलेल्या पाण्यातून जीप काढली होती. वातीतून तेल चढावं तसं पाणी तारांच्या पिळातून आत चढतं. वरून वायर नवी कोरी दिसते.

अल्टरनेटर जातच नाही असं नव्हे. कार्बन झिजतात, स्लिप रिंगवर चर पडतात, बेअरिंग ओरडतं, डायोड उडतो. काही डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला असतो. त्याचं सील गळून तेल आत गेलं की कार्बन चिकटून बसतात. पण ते आकडे बघितल्यावर ठरवायचं.

काकांनी जाड वायर टाकली, नवा लग दाबून बसवला, त्यावर हीटश्रिंक नळी चढवली, बोल्टला पेट्रोलियम जेली चोपडली. तासाभराचं काम. सगळे दिवे लावून पुन्हा मीटर धरला: बॅटरीवर १४.२. जीपवर आजही तोच जुना अल्टरनेटर आहे.

दादर-माहीमच्या किनाऱ्याला जुनी गाडी लावणाऱ्यांनो, पावसाळा सरला की ती लाल टोपी एकदा मागे सारून बघा.