झीज हेच माप

प्राणवायूविना माणूस काही मिनिटेही तगत नाही. पण हाच प्राणवायू जमिनीपासून तीन-चारशे किलोमीटर उंचीवर अवकाशयानांचा वैरी होतो. आपण श्वासातून घेतो त्या प्राणवायूच्या प्रत्येक रेणूत दोन अणू जोडीने नांदतात. त्या उंचीवर सूर्याचे अतिनील किरण ही जोडी फोडतात. हवा तिथे इतकी विरळ, की सुटलेल्या अणूला पुन्हा जोडीदार सहजी भेटत नाही. असा एकटा अणू मोठा अधाशी असतो. त्यात यान सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने अशा अणूंवर जाऊन आदळते.

१९८०च्या दशकारंभी अमेरिकेची स्पेस शटल परतली, तेव्हा तिच्यावरील कॅप्टॉन या सोनेरी प्लॅस्टिकच्या वेष्टनाची चकाकी उडालेली दिसली. मग प्रश्न आला, हा मारा मोजायचा कसा?

शास्त्रज्ञांनी झिजणाऱ्या कॅप्टॉनलाच साक्षीदार केले. एका अणूमागे सरासरी किती कॅप्टॉन झिजतो, हे प्रमाण आता ठाऊक आहे. तुकड्याचे वजन जाण्यापूर्वी आणि परतल्यावर करायचे. घट कळली की आदळलेल्या अणूंचा हिशेब लागतो. मात्र तुकडा शिल्लक उरायला हवा. एप्रिल १९८४ मध्ये सोडलेला 'एलडीईएफ' हा प्रयोग-उपग्रह वर्षभराने परत आणायचा होता. पण १९८६च्या चॅलेंजर अपघातानंतर उड्डाणे थांबली आणि तो जानेवारी १९९० मध्ये परतला. तोवर त्याच्या पुढच्या अंगावरील काही पातळ पापुद्रे पार नाहीसे झाले होते. पट्टीच संपली तर पुढचे मोजणार कोण?

जे उपग्रह परतायचेच नसतात, त्यांच्यासाठी वेगळी युक्ती लागते. चांदीच्या अतिपातळ थरातून वीज खेळवतात; प्राणवायूने चांदीचे ऑक्साइड झाले की विजेला होणारा रोध वाढतो. दुसरी युक्ती आपल्या मनगटी घड्याळातल्या क्वार्ट्झची. कंप पावणाऱ्या स्फटिकावर प्लॅस्टिकचा लेप देतात. लेप झिजून वजन घटले, की कंपनांची गती वाढते आणि हा आकडा रेडिओ संदेशाने खाली येतो. डिसेंबर २०१७ मध्ये सुटलेल्या जपानच्या 'त्सुबामे' उपग्रहावर असे स्फटिक होते. २०१९ मध्ये तो १६७.४ किलोमीटरपर्यंत खाली उतरवण्यात आला.

या आकड्यांवरूनच उपग्रहाला किती जाड कवच हवे, हे ठरते. कवच कमी पडले तर यान अकाली निकामी होते. अकारण वाढवले तर वजन आणि खर्च वाढतो. बाकीचे यान टिकावे, म्हणून हा एवढासा लेप मुद्दाम झिजू दिला जातो.