सूर आणि कान (लेखांक ९) : पट्टी ओळखणारा कान, षड्ज धरणारा कान

गाण्याच्या क्लासमध्ये मूल घालताना पालक हल्ली हमखास विचारतात, ‘हिला परफेक्ट पिच आहे का, हे कसं ओळखायचं?’ गेल्या आठवड्यात आपण पेटीच्या पट्ट्या समजून घेतल्या. त्यामुळे हा प्रश्न हाती घ्यायला हीच वेळ बरी.

शेजारी कुठलंही वाद्य वाजत नसताना, एकटा सूर कानावर पडताच तो कोणता हे सांगता येणं, याला परफेक्ट पिच म्हणतात. असा कान असलेल्या माणसाला गाडीचा हॉर्न ऐकून ‘काळी चार’ म्हणायला विचार करावा लागत नाही. ‘पांढरी सहा गा’ म्हटलं तर पेटीला हात न लावता तो नेमका तोच सूर लावतो. ही देणगी दुर्मीळ आहे, पण नुसती जन्मजात नाही. डायना डॉइच या संशोधिकेने आपल्या सहकाऱ्यांसह बीजिंगच्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या संगीत महाविद्यालयांतले विद्यार्थी तपासले. चार-पाच वर्षांच्या वयात शिकायला लागलेल्यांपैकी बीजिंगच्या सुमारे ६० टक्के मुलांकडे हा कान होता, अमेरिकेतल्या सुमारे १४ टक्के मुलांकडे. चिनी भाषेत सुराच्या चढउतारानं शब्दाचा अर्थच बदलतो. तिथलं मूल बोलायला शिकतानाच सुरावर कान ठेवायला शिकतं, असा डॉइच यांचा तर्क आहे. उशिरा सुरुवात करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण दोन्हीकडे घसरतं.

तरीही आपल्या सगळ्यांच्या स्मरणात सुराची उंची थोडीफार मुरलेली असतेच. डॅनियल लेव्हिटिन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आवडीची दोन लोकप्रिय गाणी आठवणीतून म्हणायला सांगितली होती. त्यांतल्या ४० टक्के जणांनी निदान एका गाण्यात मूळ रेकॉर्डचीच पट्टी अचूक पकडली. सूर डोक्यात असतो. त्याला नाव देता येत नाही, एवढंच.

आणि ते नाव तरी कुठं कायमचं आहे? आज पांढरी सहा म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं. हे १९३९ च्या लंडन परिषदेत ठरलं. १८५९ साली फ्रान्सने कायदा करून तोच सूर ४३५ वर बांधला होता. परफेक्ट पिचवाला कान हा असा माणसांनी केलेला करार पाठ करतो. वय वाढलं की तो करार डळमळू लागतो. थोर पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर यांना उतारवयात हा त्रास झाला. वाजवायचे एका पट्टीत आणि ऐकू यायचं वरच्या पट्टीत. जन्मभर ज्या कानावर विसंबले, तोच दगा देऊ लागला.

आपल्या रागसंगीताला या देणगीची गरज नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. आपला सा कुठल्याच पट्टीला बांधलेला नसतो. एखादा गायक काळी एकमध्ये गातो, एखादी गायिका काळी चार किंवा पाचमध्ये. दोघांचा यमन यमनच राहतो. गंधार हा गंधार ठरतो तो षड्जापासूनच्या अंतरामुळे. हे अंतर कानात रुजलेलं असणं म्हणजे कान तयार असणं.

ते कसं रुजतं, हे तंबोरा मिळवताना सर्वांत स्वच्छ कळतं. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्यात मधली जोड सेकंदाला साधारण १३८.६ कंपनांवर असते. जोडीतली एक तार दोन कंपनांनी चढी राहिली, तर सेकंदाला दोनदा सुरात लाट उठते. खुंटी अलगद फिरवत जावं तशी लाट लांबत जाते. शेवटचा फरक खुंटीनं साधत नाही. तिथं मणी केसभर सरकवायचा. मग एका क्षणी लाट मावळते आणि दोन तारांचा एकच सूर होतो. त्यानंतर खर्ज. तो मिळाला आणि घोडीवर जवारीचा दोरा नेमक्या जागी बसला, की कुणी न छेडलेला गंधार आपोआप बोलू लागतो. खर्जाची कंपनं ६९.३, त्यांची पाचपट ३४६.५, हाच तो स्वयंभू गंधार. आता पेटीवर काळी एकचा गंधार, म्हणजे पांढरी चार, दाबून पाहा. तिची कंपनं आहेत ३४९.२. तंबोऱ्याशेजारी ती धरून ठेवली तर सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे येतात. ज्याला हे हेलकावे खुपतात, त्याचा कान जागा झाला.

हा फरक आपल्याकडच्या माणसांनी फार मनावर घेतला होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमंट्स हे आय.सी.एस. अधिकारी बावीस श्रुतींच्या मोजमापामागे लागले, खास श्रुतींची पेटीही तयार झाली. या कामात देवलांना साथ होती अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची. १९४० साली रेडिओनं पेटीला दार बंद केलं, त्यामागेही तिच्या ठरीव पट्ट्यांची तक्रार होती. बंदी मला अन्यायाची वाटते, पण तक्रार खोटी नव्हती.

म्हणून पालकांनो, मुलाला पट्ट्यांची नावं घोकायला लावू नका. परफेक्ट पिच असलेल्यांना सुरांमधली अंतरं ओळखणं काही वेळा जड जातं, असं जपानी संशोधक केनिची मियाझाकी यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. ओळखीच्या पट्टीबाहेर अंतर विचारलं की नावं मध्ये येतात. कीबोर्डवर पांढरी एकलाच सा समजून बसलेलं मूल क्लासमध्ये काळी दोनचा सा ऐकून गोंधळतं, त्याचं कारणही याच्या जवळचंच आहे.

त्याऐवजी तंबोरा त्याच्या हाती द्या. आज मोबाइलवरचा तंबोरा मिळवलेलाच येतो. रियाजाची सोय झाली, पण तारा मिळवण्याचं शिक्षण त्यात बुडालं, याचं मला खरंच वाईट वाटतं. घरी तंबोरा नसेल तर क्लासमधला मागा. गुरुजींना पंचमाची तार थोडी उतरवून ठेवायला सांगा आणि मुलाला ती कानानंच चढवू द्या, ट्यूनर न लावता. पहिले काही दिवस ते कणसूरच थांबेल, थांबू द्या. पंचम बसू लागला की तीच तार मालकंससाठी मध्यमावर आणि मारव्यासाठी निषादावर आणायला सांगा. निषादाला वेळ लागेल. तिथं घाई करू नका.