दाढ नव्हे, नस दुखतेय!

दात घासताना, तोंडावर पाण्याचा हबका मारताना, नाहीतर लोकलच्या खिडकीतला वारा लागला की गालात वीज चमकावी तशी कळ येते. काही सेकंदच, पण जीव नकोसा होतो. मग आपण लवंग धरतो, गाल शेकतो आणि शेवटी दाढ काढून मोकळ्या होतो. आमच्या डोंबिवलीतल्या शेजारच्या काकूंनी तर दोन दाढा काढून घेतल्या. कळ होती तिथेच राहिली!

मैत्रिणींनो, हे दुखणं दाढेचं नव्हे. चेहऱ्याची संवेदना मेंदूला पोचवणाऱ्या नसेचं आहे. त्याला ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया म्हणतात. ते बहुधा पन्नाशीनंतर आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतं.

‘नसेला सूज आली असेल’ म्हणून घरातली सूज उतरवायची गोळी घेऊ नका. बहुतेकींच्या बाबतीत मेंदूलगतची एखादी रक्तवाहिनी नसेवर दाबत असते, त्यामुळे अशा गोळ्यांचा गुण येत नाही. क्वचित, विशेषतः तरुण वयात, मल्टिपल स्क्लेरॉसिस या विकाराच्या दाहाने नसेचं आवरण खराब झालेलं असतं. म्हणूनच डॉक्टर एमआरआय करायला सांगतात.

पहिला उपचार कार्बामाझेपीनच्या गोळीचा. तिने गुंगी येते, तोल जातो. अंगावर पुरळ उठलं तर लगेच डॉक्टरांना सांगावं. गोळी आपल्या मनाने सुरू करू नये आणि एकदम बंदही करू नये.

तेवढ्याने भागलं नाही तर कानामागून शस्त्रक्रिया करून नसेवरचा दाब काढतात. ज्यांना ती झेपणार नाही, त्यांच्यासाठी रेडिओसर्जरी असते. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली ही कल्पना मांडली. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात तिचं यंत्र, गॅमा नाइफ, १९९७ साली आलं. नाव ‘नाइफ’, पण सुरी कुठेच नाही! डोक्याला चौकट बसवून बारीक किरण नसेच्या मुळाशी एकवटतात. आराम मात्र लगेच पडत नाही. आठवडे, कधी महिनेही लागतात. तोवर गोळ्या चालूच ठेवायच्या. काहींचा गाल बधिर होतो, काहींची कळ पुन्हा उठते. हे सगळं आधीच विचारून घ्यावं.

तोवर कोमट पाणी, मऊ जेवण आणि प्रवासात गालावर पदर किंवा स्कार्फ. दाताचा एक्स-रे स्वच्छ असेल तर दाढ काढायची घाई नको. ठाणे-कल्याणकडच्या मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवा, नाहीतर परळचं केईएम आहेच. गेलेली दाढ काही परत उगवत नाही!