बाळाचे पहिले फळ : निवड, तयारी आणि खबरदारी

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की मराठी घरांत उष्टावणाची तयारी सुरू होते. खिरीचा किंवा मऊ भाताचा पहिला घास दिल्यानंतर बाळाच्या वाटीत लवकरच फळ येते. फळ शिजवावे लागत नाही, म्हणून ते सर्वांत सोपे अन्न समजले जाते. प्रत्यक्षात याच कारणाने त्याच्या तयारीत अधिक दक्षता आवश्यक असते. पेज किंवा खिमटी उकळताना त्यातील बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. ताज्या फळाच्या बाबतीत हे काम स्वच्छ हात, स्वच्छ पाणी आणि स्वच्छ भांडी यांनाच करावे लागते.

बंगळूरमधील चामराजपेट ही अशा घरांना परिचित असलेली जुनी वस्ती. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांच्या नावाची ही पेठ १८९२ मध्ये वसली. १६३८ नंतर बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली. या शहराशी असलेला मराठी भाषकांचा संबंध इतका जुना आहे. चामराजपेटेच्या लगतच कृष्णराजेंद्र बाजार आहे. शहरात 'हॉपकॉम्स' या सहकारी संस्थेची फळविक्री केंद्रेही आहेत. १९५९ मध्ये द्राक्ष उत्पादकांची संस्था म्हणून तिची सुरुवात झाली. त्यामुळे येथील पालकांना फळांची उणीव भासत नाही. प्रश्न असतो तो कोणते फळ, केव्हा आणि कसे द्यावे, हा.

केव्हा सुरुवात करावी?

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीला पूरक आहार, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बाळ मान स्थिर धरू लागले, आधाराने बसू लागले आणि घासाकडे पाहून तोंड उघडू लागले, की ते वरच्या अन्नासाठी तयार झाले असे समजावे. आरंभी दोन-तीन चमचे पुरेसे होतात. एका वेळी एकच नवे फळ द्यावे आणि दोन-तीन दिवस बाळाला अंगावर पुरळ, उलटी किंवा जुलाब होतात का, हे पाहावे.

बाजारातील निवड

नेहमीच्या केळ्यांपेक्षा लहान असणारी 'एलक्की' केळी, म्हणजेच वेलची केळी, बंगळूरमध्ये सर्वत्र मिळतात. एका केळ्यात बाळाचे एक वेळचे खाणे होते आणि उरलेले फळ ठेवून देण्याचा प्रश्न येत नाही. सालीवर बारीक काळे ठिपके आलेले केळे पूर्ण पिकलेले असते.

फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास भारतात कायद्याने बंदी आहे. ओलाव्याशी संयोग झाल्यावर त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू बाहेर पडतो, तसेच त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे घातक अंश असू शकतात. बाहेरून एकसारखा पिवळा, पण आतून कच्चा आणि गंधहीन असलेला आंबा संशयास्पद मानावा. हंगामापूर्वी बाजारात आलेले फळ बाळासाठी टाळणे इष्ट.

तयारी कशी करावी?

सर्वप्रथम साबणाने हात धुवावेत. साल काढून टाकायची असली तरी फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. अन्यथा सालीवरील माती आणि जंतू सुरीबरोबर गरापर्यंत पोहोचतात. वाटी-चमचा साबणाने धुऊन उकळत्या पाण्यातून काढावा. गर पातळ करण्यासाठी उकळून गार केलेले पाणी किंवा आईचे दूध वापरावे.

केळे : सोलून काट्याने कुस्करावे. ते लवकर काळे पडते, म्हणून आयत्या वेळीच सोलावे.

पपई : पूर्ण पिकलेलीच घ्यावी, कारण कच्च्या पपईत चीक असतो. बिया आणि साल काढून गर कुस्करावा.

चिकू : मऊ झालेलाच द्यावा, कच्चा चिकू तुरट लागतो. त्याच्या टोकदार काळ्या बिया मोजून बाजूला काढाव्यात.

सफरचंद आणि नासपती : साल व मधला भाग काढून फोडी मऊ होईपर्यंत वाफवाव्यात आणि मग कुस्कराव्यात.

आंबा : देठाजवळच्या चिकाने बाळाच्या तोंडाभोवती पुरळ येऊ शकते. देठाकडील भाग कापून फळ पुन्हा धुवावे व रेषा काढून गर द्यावा.

पेरू : पिकलेला गर चाळणीतून गाळून बिया वेगळ्या कराव्यात.

बंगळूरमध्ये 'बटर फ्रूट' या नावाने विकले जाणारे अ‍ॅव्होकाडोही मऊ आणि स्निग्ध असल्याने लहान बाळास सोयीचे ठरते.

बाळाच्या उष्ट्या चमच्याचा स्पर्श झालेला गर पुन्हा वापरू नये. न उष्टावलेला गर झाकून शीतकपाटात ठेवल्यास त्याच दिवशी संपवावा.

घास अडकण्याचा धोका

अखंड द्राक्षे, कच्च्या सफरचंदाच्या फोडी, डाळिंबाचे दाणे, सीताफळ किंवा जांभूळ यांच्या बिया बाळाच्या श्वासमार्गात अडकू शकतात. बाळ चावून खाऊ लागल्यावरही द्राक्ष उभे चिरून त्याचे चार भाग करावेत. बाळाला नेहमी बसवून भरवावे आणि खाताना एकटे सोडू नये.

बाळ आवाज करून खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज बंद झाला आणि श्वास घेता येत नसेल, तर त्याला हाताच्या आधाराने पालथे धरावे व डोके छातीपेक्षा खाली ठेवावे. दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडील भागाने पाच थापा माराव्यात. त्याने अडथळा दूर न झाल्यास बाळाला उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा. अडथळा निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे आणि दुसऱ्या व्यक्तीने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घास दिसत नसताना तोंडात बोट घालू नये. तो अधिक आत जातो.

रस, साखर आणि मध

पहिल्या वर्षात फळांचा रस देऊ नये. रसात गोडी राहते, चोथा जातो आणि त्याने पोट भरल्यावर बाळ दूध कमी पिते. गरात साखर किंवा मीठ घालण्याचीही आवश्यकता नाही. बाळगुटी मधात उगाळून चाटवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. परंतु मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालील बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून पहिल्या वाढदिवसापर्यंत मध वर्ज्य समजावा.

केळ्याने सर्दी होते, ही समजूतही सार्वत्रिक आहे. सर्दी विषाणूंच्या संसर्गाने होते. शीतकपाटातील थंडगार फळाऐवजी सामान्य तापमानाचे फळ द्यावे, एवढी काळजी पुरेशी आहे.

फळ जोडीला, बदली नव्हे

गोड फळ बाळ आवडीने खाते, त्यामुळे काही घरांत केळ्यावरच एक जेवण भागवले जाते. येथे मोठी चूक होते. जन्मतः शरीरात असलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास कमी होऊ लागतो आणि बहुतेक फळांत लोह अल्प असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६७.१ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून नाचणीचे सत्त्व, ज्याला कर्नाटकात 'रागी सरी' म्हणतात, मुगाची खिमटी आणि घरात चालत असल्यास अंडे किंवा मासळी हे आहाराचे मुख्य घटक राहावेत.

फळाचे मोल या अन्नाच्या सोबतीने वाढते. पेरू, पपई आणि संत्रे यांतील क जीवनसत्त्वामुळे धान्य व डाळींमधील लोह शरीरात अधिक प्रमाणात शोषले जाते. सरीच्या वाटीनंतर दोन चमचे पपई, हा साधा क्रम बाळाच्या हिताचा आहे.

बाळाच्या वाढीविषयी शंका असल्यास अंगणवाडीत त्याचे वजन करून घ्यावे. लहान बालकांच्या गृहभेट कार्यक्रमांतर्गत आशा कार्यकर्त्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात; आहाराविषयीचे प्रश्न त्यांना अवश्य विचारावेत. सतत उलट्या, जुलाब किंवा दूध पिण्यास नकार अशी लक्षणे दिसल्यास मात्र विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.